ई-कचऱ्याच्या प्लास्टिकचे तेल: भट्टीच्या आधी बादली

प्रश्न डिचोलीहून आला आहे. वडिलांचा भंगाराचा अड्डा सांभाळणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे: "महिन्याला ४-५ टन टीव्ही, संगणक, प्रिंटर, मिक्सर यांचे प्लास्टिक आमच्याकडे साठते. एक यंत्रविक्रेता म्हणतो, एक किलो प्लास्टिकमधून एक लिटर डिझेल निघते. ३ टनी रिअॅक्टर घ्या, दोन वर्षांत पैसे वसूल. कर्ज काढण्याआधी तुमचे मत हवे आहे."

कर्ज काढू नका. निदान या यंत्रासाठी आणि या मालासाठी तरी नको. प्लास्टिक तापवून तेल काढण्याच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्यातली बरीच कुंडई आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत. हे तंत्र मला मनापासून आवडते. म्हणूनच ते चुकीच्या मालावर वापरलेले पाहवत नाही, आणि उत्तरही जरा सविस्तर लिहितो आहे.

हवा लागू न देता प्लास्टिक ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ गार केली की तेल हाती येते. यालाच पायरोलिसिस म्हणतात. काजूची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला यंत्राची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही: इकडे विस्तवावरचे भाण (रस उकळायचे भांडे), मधे नळी, पलीकडे पाणी ओतून गार ठेवलेली लावणी (वाफेचा अर्क जमतो ते मडके). फरक आहे तो आत काय घडते त्यात. काजूच्या आंबलेल्या रसात मद्यार्क आधीच असतो, भट्टी तो फक्त वेगळा करते. प्लास्टिकमध्ये तेल आधी नसते. ते उष्णतेने नव्याने घडते, आणि कसले तेल घडणार हे तुम्ही आत काय टाकले यावर ठरते.

विक्रेत्याचे आकडे इथेच फसवे ठरतात. ते बहुधा पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिनवरचे असतात, म्हणजे पिशव्या, बादल्या, खुर्च्या. त्यांपासून मेण आणि डिझेलच्या जवळपास जाणारे तेल निघते हे खरे. पण तुमच्या अड्ड्यावरचा माल तो नाही. टीव्हीचे खोके आणि फ्रिजचे आतले अस्तर हिप्सचे (रबर मिसळून चिवट केलेले पॉलिस्टायरीन), कीबोर्ड आणि प्रिंटर एबीएसचे (स्टायरीनचेच, पण आणखी कणखर प्लास्टिक), मॉनिटर आणि लॅपटॉप पॉलिकार्बोनेट मिसळलेल्या एबीएसचे, वायरींवर पीव्हीसी (क्लोरीन असलेले प्लास्टिक), जोडण्यांत नायलॉन. हिप्स तापवले की मुख्यतः स्टायरीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये निघतात. एबीएसमधून तीच, शिवाय त्यातला नायट्रोजन नायट्राइलच्या रूपाने तेलात उतरतो आणि थोडा हायड्रोजन सायनाइड होऊन वायूत जातो. पॉलिकार्बोनेट फिनॉल देते आणि मागे भरपूर कार्बन ठेवते. स्वच्छ हिप्समधून वजनाच्या साधारण ८० टक्के तेल मिळू शकते, एबीएसमधून त्याहून कमी, पॉलिकार्बोनेटमधून जेमतेम निम्मे. या तेलाची घनता ०.९ च्या वर असते, त्यामुळे 'किलोला लिटर' हा हिशेब निवडलेल्या हिप्सवरही बसत नाही, मिश्र मालावर तर नाहीच.

बरे, निघाले ते डिझेल आहे का? नाही. डिझेलच्या भारतीय मानकात सीटेन क्रमांक (इंजिनात तेल किती चटकन पेटते त्याचे माप) किमान ५१ लागतो, आणि १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आली आहे. स्टायरीनचे तेल बेंझिनसारखी वलये असलेल्या रेणूंचे, म्हणजे रसायनशास्त्र ज्याला सुगंधी हायड्रोकार्बन म्हणते त्या गटातले. त्याचा सीटेन क्रमांक यापेक्षा फारच कमी, आणि ते टिकतही नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखाली ठेवलेल्या अशा पिंपात स्टायरीन पुन्हा जुळू लागते. मी स्वतः काकवीसारखे दाट झालेले पिंप उघडले आहे. ते ओतून काढता आले नाही, खरवडावे लागले. मालिम जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यांना स्वस्तात देऊ, असे कोणी सुचवील. त्या इंजिनांचे इंजेक्टर डिंकाने चिकटतील, आणि असले तेल डिझेल म्हणून विकणे हा गुन्हाही आहे. हे तेल फार तर बर्नरवर जाळण्याजोगे. तिथे त्याची ताकद चांगली असते, किलोला सुमारे ४० मेगाज्यूल, फर्नेस ऑइलच्या तोडीची. म्हणजे तुमचे गिऱ्हाईक हॉटेलच्या लाँड्रीचा बॉयलर, डांबर प्रकल्प, कदाचित एखादी मोठी बेकरी.

आणि नेमके इथेच मला थांबावे लागते, कारण आता ब्रोमिनची गोष्ट येते.

टीव्ही आत तापतो, क्वचित ठिणगी पडते. खोक्याने पेट घेऊ नये म्हणून काही दशके प्लास्टिकमध्ये ब्रोमिनची आगरोधके घालत आले. जुन्या पेटीवजा टीव्हीच्या हिप्समध्ये डेकाबीडीई नावाचे द्रव्य असायचे, आणि त्याचा परिणाम वाढावा म्हणून अँटिमनी ट्रायऑक्साइड. हे चिमूटभर नसते, वजनाच्या कित्येक टक्के असते. या कुळातल्या पेंटा आणि ऑक्टा या मिश्रणांवर २००९ साली स्टॉकहोम कराराखाली जागतिक बंदी आली, डेकावर २०१७ साली. आपल्याकडेही नव्या उपकरणांत या गटाची मर्यादा ०.१ टक्का आहे. पण बंदी नव्या मालावर. चवथीआधी घर रंगवताना माळ्यावरून खाली उतरतो तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा टीव्ही, आणि तो येतो तुमच्याकडे.

हिशेब करून पाहा. अशा खोक्यांच्या एक टन मालात ५ टक्के ब्रोमिन धरले तर ते ५० किलो झाले. रिअॅक्टर ब्रोमिन नाहीसे करत नाही. ते तीनच ठिकाणी जाऊ शकते: तेलात, वायूत, नाहीतर मागे उरणाऱ्या कार्बनमध्ये. काही हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वायूत जाते, ते तीव्र आम्ल. काही अँटिमनीशी जुळते. अँटिमनी ब्रोमाइड २८० ते २९० अंशांच्या दरम्यान उकळते, म्हणजे तुमच्या रिअॅक्टरच्या तापमानाच्या कितीतरी आधी, आणि वाफेबरोबर थेट तेलात उतरते. काही ब्रोमोफिनॉल होऊन तेलातच विरघळते. आणि काहीचे ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान बनतात, म्हणजे अत्यंत विषारी द्रव्ये. डेकाबीडीईचा रेणू फ्युरानच्या इतका जवळचा आहे की थोड्या उष्णतेने तो त्या बाजूला झुकतो. मालात सर्किटच्या पट्ट्यांचा तांब्याचा चुरा राहिला असेल तर तो या क्रियेला आणखी हातभार लावतो. असे तेल साध्या बॉयलरच्या बर्नरवर जाळले की हे सगळे धुराड्यातून बाहेर पडणार, आणि धुराड्याखाली आपलीच शेते, आपल्याच विहिरी.

विक्रेता म्हणेल, चुना घालतो, स्क्रबर (वायू पाण्याने धुणारे यंत्र) लावतो. चुना उपयोगी आहे, नाकारत नाही. ५० किलो ब्रोमिन बांधायला रसायनशास्त्राच्या पाढ्याप्रमाणे साधारण २३ किलो भिजवलेला चुना पुरतो, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो, कारण घन चुन्याची पूड आणि वाफ यांची गाठ नीट पडत नाही. त्यातून ६०-६२ किलो कॅल्शियम ब्रोमाइड तयार होऊन कार्बनमध्ये बसते. पण चुना पकडतो ते आम्लरूपातले ब्रोमिन. तेलात विरघळलेले सेंद्रिय ब्रोमिन त्याला पुरते सापडत नाही. दुसरा उपाय दोन टप्प्यांचा: आधी ३०० ते ३५० अंशांवर माल धरून आम्लवायू सोडवायचा, तो अल्कलीच्या पाण्यातून न्यायचा, मगच ४५० कडे जायचे. पीव्हीसीच्या क्लोरीनवर हा उपाय छान चालतो. डेका आणि अँटिमनीच्या जोडीवर तो अपुरा पडतो. लोहाची ऑक्साइडे, झिओलाइट असे उत्प्रेरक वापरून हे प्रमाण आणखी खाली आणता येते आणि त्यावर प्रयोगशाळांत खूप काम झाले आहे, पण ते ३ टनी साध्या ढोल-रिअॅक्टरच्या आवाक्यातले नाही. तेल शुद्धीकरण कारखाने हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमिन यांसारखी मूलद्रव्ये) दहा लाखांत काही भाग इतकेच चालवून घेतात. तिथवर पोचायचे तर यंत्रापेक्षा शुद्धीकरणाचा खर्च मोठा होतो.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी चाचणीसाठी जात होतो. माल निवडलेला, हिप्स आणि एबीएसचा, ब्रोमिन नसलेला. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले. एका पाळीत मालाची पोती कमी पडली म्हणून कोणीतरी कोपऱ्यातली दोन पोती ओतली. त्यांत संगणकाच्या वायरींची साल होती, म्हणजे पीव्हीसी, आणि त्यातल्या क्लोरीनचे आम्ल होते. पुढच्या काही दिवसांत कंडेन्सरच्या वळणावर ३०४ जातीच्या स्टेनलेस नळीला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली. नळी बाहेरून लखलखीत, आतून खाल्लेली. त्या भोकांतून वाफ बाहेर येऊ लागली आणि दोन कामगारांचे डोळे नि घसा आठवडाभर जळत राहिला. वाफेला जवळपास ठिणगी मिळाली नाही म्हणून आग लागली नाही. दोन पोती, एवढेच कारण. तेव्हापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी रिअॅक्टर पाहत नाही, मालाची नोंदवही मागतो: कोणते पोते, कुठून आले, कोणी तपासले. नोंदवही नसेल तर पुढे बोलत नाही.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे आहे की यंत्राच्या आधी दोन बादल्या घ्या.

पहिलीत साधे पाणी. प्लास्टिकचे बोटभर तुकडे करून टाका. तरंगतील ते पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिथिन. बुडालेले काढून दुसऱ्या बादलीत टाका. तिच्यात मिठाचे पाणी, लिटरला सव्वाशे ग्रॅम मीठ, घनता १.०८ च्या जवळपास. साधे हिप्स १.०४ चे, एबीएस १.०५ च्या आसपासचे, म्हणून ही दोन्ही वर येतात. ब्रोमिन घातलेले हिप्स आणि एबीएस जड होतात आणि तळाला जातात. पॉलिकार्बोनेट, नायलॉन, पीव्हीसीही तळाला. युरोपातले मोठे कारखाने ब्रोमिनचे प्लास्टिक वेगळे काढायला घनतेचीच युक्ती वापरतात, फक्त त्यांच्या टाक्या मोठ्या.

बारकावे आहेत. आपल्या आगरांतले मीठ ओलसर असते, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडून हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजणारी तरंगती नळी) आणा. बॅटरीवाल्याचा चालणार नाही, त्याची पट्टी बहुधा १.१०० पासून सुरू होते. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बुडणाऱ्यालाही वर धरून ठेवतात. वॉशिंग मशीनच्या टबात पॉलिप्रोपिलिनबरोबर टाल्क किंवा खडूची पूड मिसळलेली असली की ते पाण्यात बुडते. तो माल आकारावरून ओळखा आणि वेगळा ठेवा. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या मालातली तांबडी माती आधी धुऊन काढा. आणि प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला साच्याची खूण असते, ती वाचायची सवय लावा: नुसते 'एबीएस' लिहिले असेल तर बरे, पुढे 'एफआर' असेल तर त्यात आगरोधक आहे. 'एफआर ४०' म्हणजे फॉस्फरसचे, ब्रोमिनचे नव्हे. नव्या मॉनिटरच्या पाठीवर ते पुष्कळदा दिसते आणि तो माल चांगल्या भावाचा असतो.

शंका असलेल्या तुकड्यासाठी तांब्याच्या तारेची चाचणी: तार ज्योतीत धरून हिरवा रंग जाईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन नाहीतर ब्रोमिन. उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून, एका तुकड्यापुरतीच. ढिगासाठी ही रीत नाही. हातात धरायचा एक्सआरएफ मापक (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र) ब्रोमिन काही सेकंदांत दाखवतो. तो महाग आहे, पण दोन-चार अड्डेवाल्यांनी मिळून घेतला तर परवडेल. रिअॅक्टरच्या किमतीपुढे ती रक्कम फार नाही.

दुसऱ्या बादलीत तरंगलेल्या मालाचे काय करायचे? विकायचा. काळ्या एबीएसच्या स्वच्छ दाण्याला (वितळवून नवी वस्तू करायला तयार केलेल्या कणांना) किलोमागे फर्नेस ऑइलपेक्षा चांगला भाव मिळतो. त्याचे तेल करायचे म्हणजे महाग वस्तू स्वस्त करायची, वर वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा गमवायचा, तापवायला इंधन जाळायचे आणि कार्बनची विल्हेवाट लावायची. हे गणित मी कागदावर कितीदा मांडले, दर वेळी दाणाच पुढे राहिला. मात्र बुडालेला माल चुकूनही दाण्यात जाऊ देऊ नका. युरोपात तपासण्या झाल्या तेव्हा स्वयंपाकाच्या काळ्या कालथ्यांत आणि मुलांच्या खेळण्यांत टीव्हीचे ब्रोमिन सापडले. ते अशाच बेफिकीर दाण्यातून गेले होते.

बुडालेल्या मालातून पॉलिकार्बोनेटचे मिश्रण खुणा पाहून बाजूला काढा. उरलेला ब्रोमिनचा माल म्हणजे तुमचे उत्पन्न नव्हे, जबाबदारी. त्याला दोन सरळ वाटा: अधिकृत मार्गाने सिमेंटची भट्टी, जिथे क्लिंकर (दळून सिमेंट होते तो भाजलेला खडा) १४५० अंशांवर बनते आणि सेंद्रिय रेणू टिकत नाहीत, किंवा पिसुर्ल्याचे सामायिक घातक कचरा केंद्र. गोव्यातला पुनर्वापर न होणारा सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातोच, ती वाट नवी नाही. पण सिमेंटवालेही हॅलोजन मोजूनच घेतात, म्हणून तुमचा ढीग जितका लहान आणि जितका नोंदलेला तितके काम सोपे.

कायद्याचे थोडक्यात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्प्रक्रिया करायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला मिळणारी, उत्पादकांना विकता येणारी त्या नियमांतली प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यावर मोजली जातात, प्लास्टिकवर नाही, म्हणून तेल काढून तुम्हाला तिथे काही मिळणार नाही. राज्य मंडळाची संमती वेगळी. शिवाय स्टायरीन-टोल्युइनचे तेल बहुधा २३ अंशांच्या आतच पेट घेण्याजोगे असते; म्हणजे पेट्रोलियम कायद्याखाली पेट्रोलच्याच 'अ' वर्गात. त्याचा विक्रीसाठी साठा करायला ज्वालाग्राही पदार्थांच्या खात्याचा परवाना लागतो, त्याचे मुख्यालय नागपूरला. विक्रेत्याच्या पत्रकात यातले काय लिहिले आहे ते बघा.

मग पायरोलिसिसला जागाच नाही का? आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, त्यात प्लास्टिक १ कोटी ७० लाख टन होते. एवढ्या मालात दाणा न होणारा, मिश्र, मळका, पण ब्रोमिन नसलेला हिस्सा मोठा असतो आणि त्याचे तेल करणे पुरण्यापेक्षा किंवा उघड्यावर जाळण्यापेक्षा खूप चांगले. त्यासाठी सलग चालणारा, नायट्रोजनने हवा बाहेर काढणारा, कार्बन बंद नळीतून गार करून बाहेर आणणारा प्रकल्प हवा. एकेका भरतीने चालणाऱ्या (बॅचच्या) रिअॅक्टरचे झाकण गरम असताना उघडले आणि हवा आत शिरली की वाफ पेट घेते. या धंद्यातले कितीतरी अपघात असेच घडले आहेत. सलग प्रकल्पाला रोजचा माल टनांत लागतो. तुमच्या ४-५ टनांतून दाण्याचा आणि ब्रोमिनचा माल गेला की तेलासाठी महिन्याला टन-दीड टन उरेल. ३ टनी रिअॅक्टर दोन महिन्यांतून एकदा पेटवायचा आणि मधल्या काळात खाऱ्या हवेत गंजत ठेवायचा, हे कर्ज फेडणारे काम नव्हे. म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को इथल्या अड्ड्यांचा निवडलेला माल एकत्र आला तर वेगळा विचार करता येईल, आणि त्या दिवशी मी स्वतः येऊन आराखडा बघेन.

तोपर्यंत त्या विक्रेत्याला एकच काम सांगा: तुमच्या बुडालेल्या मालातले १०० किलो त्याच्या यंत्रात घालून दाखवायचे, आणि आत गेलेले ब्रोमिन, तेलातले, कार्बनमधले, स्क्रबरच्या पाण्यातले, चारही आकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आणायचे. तेल किती निघाले ते त्यानंतर विचारा.

आता चवथीचा माल यायला लागेल. आलेला प्रत्येक टीव्ही, प्रिंटर, मिक्सर फोडला की दोन बादल्यांतून काढा, तीन ढीग लावा आणि महिनाभर रोजची वजने वहीत लिहा. वही घेऊन या, कर्जाचे कागद घरी ठेवा.